पत्नीचा नागरिकत्वाचा अर्ज रखडला आहे आणि आता जिल्हाही बदलतो आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार मंडळी,

माझी पत्नी मूळची श्रीलंकेची. आमचे लग्न २०१३ साली झाले आणि तेव्हापासून ती आमच्या घरी मुलुंडलाच राहते. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या आणि सात वर्षे भारतात वास्तव्य केलेल्या व्यक्तीला नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५ प्रमाणे नोंदणीने नागरिकत्व मिळू शकते. त्यानुसार २०२२ मध्ये आम्ही रीतसर ऑनलाइन अर्ज भरला, छापील प्रत जोडपत्रांसह दाखल केली, आणि पुढे पोलीस पडताळणीही पार पडली. त्यानंतर मात्र सारे थंड आहे. नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी साठ दिवसांत अहवालासह अर्ज राज्य शासनाकडे आणि राज्य शासनाने तो पुढे तीस दिवसांत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवायचा असतो. आमची फाइल या साखळीत नेमकी कुठे थांबली आहे, हेच कोणी सांगत नाही.

एवढ्यावरच असते तर आणखी थांबलो असतो. पण आमची इमारत पुनर्विकासाला गेली असून दिवाळीनंतर घराचा ताबा बिल्डरला द्यायचा आहे. बिल्डर देणार असलेल्या भाड्यात मुलुंडमध्ये जागा मिळेना, म्हणून चेकनाक्यापलीकडे ठाण्यात घर पाहिले आहे. अंतर म्हणाल तर रिक्षाने दहा मिनिटे. मात्र मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि ठाणे दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्तालय, सगळेच बदलणार. अशा वेळी मूळ अर्जच नव्या जिल्ह्याकडे वर्ग होतो, की पत्ता बदलल्याचे नुसते कळवून भागते? पडताळणी पुन्हा होत असेल तर माझी खरी धास्ती तिथे आहे. मागच्या वेळी हवालदार घरी आले, त्यांनी लग्नाचे प्रमाणपत्र आणि व्हिसाची पाने पाहिली आणि शेजारच्या दोघांचे जबाब लिहून घेतले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर मागितली नव्हती ती माहितीही दिली, अगदी हळदीकुंकवाला ही पहिल्यांदा कोणती साडी नेसून आली होती इथपर्यंत. आता त्या मुलाकडे पुण्याला चालल्या आहेत आणि दुसरे शेजारी विरारला. ठाण्याच्या नव्या इमारतीत हिला ओळखणारे कोण असणार?

माहितीच्या अधिकाराचा मार्ग आम्ही वापरून पाहिला. त्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे माहिती मागण्याचा हक्क फक्त नागरिकांना आहे, म्हणजे जिची फाइल अडकली आहे तिला तो अर्ज करता येत नाही. म्हणून दहा रुपये भरून मी माझ्या नावाने अर्ज केला, तर उत्तर आले की ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) प्रमाणे देता येत नाही. तिने विचारायचे तर ती नागरिक नाही, मी विचारायचे तर मी परका! पहिल्या अपिलाची तीस दिवसांची मुदत अजून शिल्लक आहे. अपिलासोबत पत्नीचे स्वाक्षरी केलेले संमतिपत्र जोडले तर त्याचा उपयोग होतो का? की संमतिपत्रासह नवाच अर्ज करणे बरे? दुसऱ्या अर्जात तिची वैयक्तिक माहिती मागायचीच नाही, फक्त फाइल कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयातून कुठे गेली तेवढेच विचारायचे, असे माझ्या मनात आहे. कोणाला असा अनुभव असल्यास प्रश्नांचा मसुदा कसा केला होता ते कृपया लिहावे.

व्हिसा आणि निवास परवान्याची मुदत आम्ही वेळेवर वाढवून घेत आलो आहोत, कारण परवानगीपेक्षा अधिक काळ राहिल्यास माणूस कायद्याने अवैध स्थलांतरित ठरू शकतो आणि मग कलम ५ चा आधारच राहत नाही. यंदा मात्र तिचा पासपोर्टही संपतो आहे. नवा पासपोर्ट आला की त्याचा क्रमांक प्रलंबित अर्जात कसा नोंदवायचा? शिवाय अर्ज मंजूर झाला तरी आधी स्वीकृतीचे पत्र येते, मग मूळ देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि त्यानंतरच प्रमाणपत्र हाती पडते. ते पत्र पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर गेले तर काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व कायम ठेवून भारतात राहण्याची मुभा देणारे कार्ड) घेऊन मोकळे व्हा, असा सल्ला नातेवाईक देतात. त्याने व्हिसाची कटकट मिटेल हे खरे, पण त्यावर मतदान करता येत नाही, आणि पत्नीला ते हवे आहे; निवडणुकीच्या दिवशी आम्ही सगळे रांगेत आणि ती घरी, याचा तिला मनापासून कंटाळा आला आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते हेही ठाऊक आहे. मात्र न्यायालय बहुधा मुदतीत निर्णय घ्या एवढेच सांगेल, त्यामुळे तो खर्च आत्ताच करावा असे मला वाटत नाही. कोणाचे मत वेगळे असल्यास जरूर सांगावे.

सर्वांत निकडीचा प्रश्न पत्त्याचा आहे. ठाण्याच्या जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार या महिनाअखेरीस नोंदवायचा आहे. जिल्हा बदलल्याने अर्ज मागे पडणार असेल, तर पदरचे पैसे घालून मुलुंडमध्येच लहान जागा घेण्याची आमची तयारी आहे. अर्ज प्रलंबित असताना मुंबईतून ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहायला गेलेले कोणी इथे असल्यास, त्यांनी पत्ताबदल कुठे कळवला आणि पडताळणी पुन्हा झाली का, एवढे तरी कळवावे. फाइल क्रमांक आणि नावे इथे उघड करत नाही. कागदपत्रांबाबत काही विचारायचे असल्यास व्यक्तिगत संदेश पाठवावा.