देव धन हरण करतो, ती कृपाच असते का?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
आमच्या धाकट्या दिरांना यंदा कापडाचे दुकान बंद करावे लागले. भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी भागवतातले ‘यस्याहमनुगृह्णामि हरिष्ये तद्धनं शनैः’ हे वचन म्हटले, ज्याच्यावर मी कृपा करतो त्याचे धन हळूहळू हिरावून घेतो असा त्याचा अर्थ सांगितला आणि तुम्ही भाग्यवान आहात असे म्हणाले. भावजी मान खाली घालून उधारीची वही चाळत राहिले. या वचनाचा संदर्भ काय आहे, आणि ते दुसऱ्याच्या घरी जाऊन असे ऐकवणे योग्य आहे का?

उत्तर १
हे वचन दशम स्कंधाच्या ८८व्या अध्यायातले आहे. शिवाचे भक्त संपन्न आणि साक्षात लक्ष्मीपतीचे भक्त मात्र बहुधा निर्धन, असे का, हा परीक्षिताचा प्रश्न. अश्वमेधानंतर युधिष्ठिरानेही हेच विचारले होते, असे सांगून शुकाचार्य कृष्णाचे हे उत्तर त्याला ऐकवतात. आपल्याकडे पहिली ओळच पाठ असते. पुढे असे आहे की, धन गेल्यावर त्या दुःखी माणसाला त्याचे स्वजन सोडून देतात, पुन्हा केलेले उद्योग फसतात, धनाच्या खटपटीला तो विटतो आणि भगवद्भक्तांशी त्याची मैत्री जडते, तेव्हा ‘मी त्याच्यावर अनुग्रह करीन’. म्हणजे नुकसान झाले त्याच दिवशी कृपा पूर्ण झाली, असे भागवत म्हणत नाही. मध्ये मैत्री करणारी माणसे लागतात, आणि वचन ऐकवणाऱ्याने आपण सोडून जाणाऱ्या स्वजनांत आहोत की त्या मित्रांत, हे आधी पाहावे.

शिवाय ८१व्या अध्यायात सुदामा रिकाम्या हाताने परतताना स्वतःच म्हणतो की, धन मिळाल्यावर हा उन्मत्त होऊन माझे स्मरण करणार नाही, असे मनात आणूनच दयाळू कृष्णाने मला काही दिले नसावे; आणि घरी येऊन पाहतो तर ऐश्वर्य उभे! दारिद्र्य हाच कृपेचा नियम असता तर ही कथा अशी संपली नसती.

उत्तर २
पण त्या नातेवाइकांच्या हेतूवर शंका घेऊ नये, असे मला वाटते. तुकोबांनीच ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ असे म्हटले आहे, आणि वारकरी घरांत हे अभंग धीर देण्यासाठीच म्हटले जातात.

उत्तर ३
हेतू चांगलाच असेल. तरी ‘बरें झालें’ हे तुकोबा स्वतःच्या दिवाळ्याबद्दल, ज्याने घेतले त्या देवाशी बोलताना म्हणतात, शेजाऱ्याच्या दिवाळ्याबद्दल नव्हे. त्याच दुष्काळाविषयी आत्मचरित्रपर अभंगात ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असे सांगून ते लगेच ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’ म्हणतात. ती लाज आणि तो त्रास त्यांनी लपवला नाही, कृपेच्या नावाखाली झाकलाही नाही.

इंदुरात अशा वेळी अहिल्याबाईंचे उदाहरण दिले जाते, पण तेही जपून द्यावे. १७५४ मध्ये पती, १७६७ मध्ये पुत्र आणि १७९१ मध्ये जावई गेल्यावर सती गेलेली मुक्ताबाई, असे आघात त्यांनी सोसले. काशी विश्वनाथाचे मंदिर मात्र १७८०च्या सुमारासच उभे राहिले होते, त्यामुळे मुलीचा वियोग त्यांची भक्ती जागवण्यासाठी आला असे म्हणायला काही आधार राहत नाही. भावजींनी स्वतः कधी ‘बरें झालें’ म्हटले तर ऐकून घ्यावे. तोवर त्या वहीतली येणी वसूल करायला कोणी सोबत जाणार असेल, तर भागवताला अपेक्षित असलेली मैत्री तीच.