बडोद्याला माहेरी येतोय, यजमानांना स्टेंट आहे. परवडेल असा प्रवास विमा कुठला घ्यावा?

बडोद्याची_लेक (लेस्टर)

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुमारास आम्ही दोघं आणि धाकटी मुलगी बडोद्याला येतोय. उत्तरायण (संक्रांतीचा पतंगोत्सव) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण करूनच परतायचं ठरलंय. माझं माहेर दांडिया बाजारातलं, सासर मांजलपूरला. राहायला-जेवायला घरच आहे, त्यामुळे आजवर आम्ही विम्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पण यजमानांना मध्यंतरी स्टेंट बसला, गोळ्या चालू आहेत. मलाही थायरॉइड आहे. इथली एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, भारतात काही कामाची नाही, हे माहीत आहे. तिकडे आयसीयूत राहायची वेळ आली तर किती खर्च येतो, ते मागच्या वर्षी नणंदेच्या घरी पाहिलंय, म्हणून या वेळी विम्याशिवाय विमानात बसायचं नाही असं मी ठरवलंय.

आता अडचण अशी. तुलनेच्या वेबसाइटवर स्टेंट सांगितला की रक्कम जवळजवळ तिप्पट होते. न सांगता भरलं की अगदी स्वस्त. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, "सांगूच नका, भारतातल्या डॉक्टरला कोण विचारायला जातंय?" मला ते पटत नाही, पण पैशांचा फरक मोठा आहे.

दुसरं म्हणजे आमच्या बँकेच्या खात्यासोबत प्रवास विमा फुकट मिळतो म्हणतात. तेवढा पुरे का?

तिसरं, भाऊ म्हणतो की रावपुऱ्यातला त्याचा एजंट ट्रॅव्हल पॉलिसी काढून देतो, ती इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. तिथूनच काढू का?

आणि शेवटचं, जे मला रात्री झोपू देत नाही. बाबा ८४ वर्षांचे आहेत, तब्येत वरखाली असते. त्यांचं काही झालं आणि मला तिकीट पुढे ढकलावं लागलं, किंवा आधीच धावत यावं लागलं, तर तो खर्च विम्यातून मिळतो का?

निवृत्त_क्लेमवाला (बडोदे)

ताई, मी सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. परदेशातून आलेल्या मंडळींच्या फायली मी बऱ्याच पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भावाच्या एजंटचं. ती पॉलिसी तुमच्यासाठी नाही. इथे जी 'ओव्हरसीज ट्रॅव्हल' म्हणून विकतात ती भारतातून बाहेर जाणाऱ्यासाठी असते. प्रवास भारतातून सुरू व्हावा लागतो आणि संरक्षण भारताबाहेर मिळतं. तुम्ही लेस्टरहून निघून बडोद्याला आजारी पडलात तर त्या कागदाचा काही उपयोग नाही. एजंट वाईट हेतूने सांगत असेल असं नाही, पण बऱ्याच जणांना हा फरकच माहीत नसतो. तुम्ही जिथे राहता तिथलीच पॉलिसी घ्यायची. यूकेच्या कंपन्या साधारणपणे पासपोर्ट बघत नाहीत. तुम्ही यूकेचे रहिवासी आहात का, तिथल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव आहे का, प्रवास यूकेतून सुरू होऊन यूकेतच संपतोय का, एवढं त्या विचारतात. परतीचं तिकीट नसेल तर बहुतेक ठिकाणी चालत नाही.

आता स्टेंटचं. जे गृहस्थ म्हणाले 'कोण विचारायला जातंय', त्यांनी डिस्चार्ज कार्ड कधी नीट वाचलेलं दिसत नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून पेशंट कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "आधी काही?" आणि तुम्हीच, त्यांची बायको, घाबरून सगळं सांगणार: स्टेंट बसलाय, अमुक गोळी चालू आहे. सांगायलाच हवं, त्यावर उपचार ठरतो. ते केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहिलं जातं, 'के/सी/ओ आयएचडी, पोस्ट पीटीसीए'. म्हणजे हृदयविकाराचा जुना पेशंट, अँजिओप्लास्टी झालेला. विमा कंपनी डिस्चार्ज कार्ड मागते, मोठी रक्कम असेल तर इनडोअर केसपेपर मागते आणि तुमच्या संमतीपत्रावर लेस्टरच्या जीपीकडून नोंदीही मागवते. सगळं जुळवून बघायला तिला तासभर लागतो.

यूकेमध्ये २०१२चा कायदा आहे या बाबतीत. चुकून, निष्काळजीपणाने माहिती राहिली तर कंपनी क्लेम प्रमाणात कमी करू शकते. पण जाणूनबुजून लपवली तर पॉलिसीच रद्द ठरवून काहीही न देण्याचा तिला हक्क आहे. मग हृदयाचं सोडा, पाय मोडला तरी पैसे नाहीत. ताई, कृपा करून सांगा. थायरॉइडही सांगा, त्याने फारसा फरक पडत नाही.

स्वस्तात बसवायचं तर दुसऱ्या वाटा आहेत. मनीहेल्पर ही सरकारच्या पाठबळावर चालणारी सेवा आहे, तिच्याकडे आजार असलेल्यांना विमा देणाऱ्या कंपन्यांची यादी मिळते. तुलनेच्या वेबसाइटवर न दिसणाऱ्या कंपन्याही तिथे सापडतात. 'जगभर, अमेरिका-कॅनडा वगळून' हा प्रकार निवडा, त्यात भारत येतो आणि रक्कम उतरते. सामानाच्या विम्याला कात्री लावा, तुम्ही घरीच उतरणार आहात. एक्सेस, म्हणजे क्लेममधला आधी स्वतः भरायचा हिस्सा, थोडा वाढवून बघा. पण औषधोपचाराच्या रकमेला आणि परत यूकेला नेण्याच्या खर्चाला हात लावू नका.

यजमानांची पॉलिसी वेगळी आणि तुम्हा मायलेकींची वेगळी, असंही करतात. स्वस्त पडतं कधीकधी. पण मग त्यांच्या हृदयामुळे तिघांचा प्रवास रद्द झाला तर तुमची पॉलिसी तुमचं तिकीट देईल का, हे आधी विचारून घ्या. पुष्कळदा देत नाही.

बँकेचा विमा वाईट नसतो, फक्त तीन गोष्टी बघा. एका प्रवासाला किती दिवस (साधारण ३१ असतात, तुमच्या तारखा मोजून घ्या), वयाची अट आणि स्टेंट. त्यांना फोन करून स्टेंट नोंदवावा लागतो, ते थोडी जास्तीची रक्कम घेऊन संरक्षण देतात किंवा नाही म्हणतात. नोंदवलंच नाही तर फुकटचा विमा स्टेंटपुरता नाहीच असं समजा.

बाबांचं उद्या लिहितो, ते जरा विचार करून लिहायचंय.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतल्या बडोदेकरांनी हे वाचत असाल तर एक भर. इथल्या काही ट्रॅव्हल मेडिकल पॉलिसींमध्ये 'होम कंट्री'त संरक्षण नसतं किंवा अगदी थोडं असतं, आणि होम कंट्रीची व्याख्या प्रत्येकीची वेगळी. कुठे तुम्ही राहता तो देश, कुठे पासपोर्टचा देश. माझ्यासारख्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या भारतीय पासपोर्टधारकाने व्याख्येचं पान वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. आणि आईवडील मेडिकेअरवर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असतील तर ते साधारणपणे अमेरिकेबाहेर चालत नाही.

रावपुरा_ते_ब्रॅम्प्टन

कॅनडातल्या ओंटारियोवाल्यांसाठी: ओहिप, म्हणजे आपला सरकारी आरोग्य विमा, परदेशात तातडीच्या उपचारांना पैसे देतं, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर, तेही आयसीयूसारख्या उपचारांना. त्यावर विसंबू नका. आमच्याकडच्या पॉलिसीत 'स्टेबल' ही अट असते. निघण्याआधी ठरावीक दिवस, कुठे ९० कुठे १८०, आजार स्थिर हवा. डॉक्टरने बीपीची गोळी बदलली किंवा डोस वाढवला तरी स्थिर धरत नाहीत. माझ्या काकूंचा क्लेम याच कारणावरून अडकला होता. निघण्याच्या तोंडावर डॉक्टरने डोस बदलला तर लगेच विमा कंपनीला कळवा.

सयाजीबाग

आम्ही शारजाहून दर हिवाळ्यात येतो. कंपनीच्या आरोग्य विम्यात भारतीय उपखंड आहे की फक्त यूएई, हे आधी कार्डावर बघायचं.

भारतातला नेहमीचा हेल्थ इन्शुरन्स एनआरआयलाही घेता येतो, आम्ही घेतलाय. पण विमानतळावर उतरल्यावर घेऊन उपयोग नाही. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. दरवर्षी यायचं असेल आणि उद्या कायमचं परतायचं मनात असेल तर आत्ताच सुरू करून ठेवण्यात अर्थ आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला.

आणि एक. रस्त्यावर अपघात झाला तर पहिल्यांदा १०८ची रुग्णवाहिका. गुजरातेत ती फुकट आहे आणि पटकन येते. मे २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे, वाहन अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. विम्याचं काय ते नंतर बघता येतं.

बडोद्याची_लेक (लेस्टर)

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लेमवाले काका, स्टेंट सांगायचा हे आता पक्कं. यजमानांनाही तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ते 'के/सी/ओ' त्यांच्या इथल्या कागदांवरही नाही का, असं म्हणून त्यांनी स्वतःच फाइल काढली.

मुलगी भावाची ॲक्टिव्हा चालवणार म्हणतेय, तिच्याकडे इथलं गाडीचं लायसन्स आहे. आणि कच्छला रण बघून पाकिस्तान सीमेकडच्या नडाबेटला सीमादर्शनही करायचंय. यात काही अडचण?

निवृत्त_क्लेमवाला (बडोदे)

दोन्हीत अडचण आहे.

ॲक्टिव्हा १२५ सीसीच्या आतली आहे, पुष्कळ यूके पॉलिसी तेवढ्याला परवानगी देतात. पण चालवणाऱ्याकडे दुचाकीचं लायसन्स हवं आणि डोक्यावर हेल्मेट हवं. चारचाकीच्या लायसन्सवर ती स्कूटर चालवू शकत नाही, आंतरराष्ट्रीय परमिट काढलं तरी ते मूळ लायसन्समध्ये जे आहे तेवढ्याचंच असतं. मागे बसली तरी हेल्मेट घालायला लावा. आपल्याकडे मागे बसणाऱ्याने घालण्याची पद्धत नाही, कायदा मात्र दोघांनाही आहे आणि विमा कंपनी नेमकं तेच विचारते. उत्तरायणाच्या आठवड्यात तर दुचाकी शक्यतो टाळाच. हँडलला दोऱ्यापासून वाचवणारी सळी लावलेली असली तरी पुलावर मांजा गळ्यापर्यंत येतो. बंदी असलेला चायनीज दोरा अजूनही विकला जातो. अगाशीवर पतंग उडवताना पडल्याच्या केस दरवर्षी येतात, आणि दारू प्यायलेल्या माणसाचा क्लेम कंपन्या नाकारतात. आपल्याकडे दारूबंदी असली तरी हे लिहून ठेवतो.

नडाबेट. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या सल्ल्यात भारत-पाकिस्तान सीमेपासून १० किलोमीटरच्या पट्ट्यात जाऊ नका असं आहे. कॅनडाही गुजरातच्या सीमेबद्दल तेच सांगतो. सल्ल्याविरुद्ध गेलात की त्या जागेपुरता बहुतेक पॉलिसींचा आधार जातो. धोरडोचं पांढरं रण त्या पट्ट्याबाहेर आहे, तिथे खुशाल जा. नडाबेटचं सीमादर्शन मात्र सीमेजवळचं. निघण्याआधी खात्याचं पान पुन्हा वाचा, सल्ले बदलतात.

आता बाबांचं. ताई, इथे मी गोड बोलणार नाही. पॉलिसी घेताना जवळच्या नातेवाइकाचा आजार तुम्हाला ठाऊक असेल आणि त्याच आजारामुळे प्रवास रद्द झाला किंवा लांबला, तर बऱ्याच पॉलिसी ते धरत नाहीत. काही कंपन्या पॉलिसी घेताना बाबा रुग्णालयात नव्हते, नवी तपासणी ठरलेली नव्हती, एवढ्यावर मान्य करतात. म्हणून घेण्याआधी ई-मेलवर विचारा, बाबांचं वय आणि आजार लिहून, आणि उत्तर जपून ठेवा. त्याहून जास्त भरवसा तारीख बदलता येणाऱ्या तिकिटाचा. थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

आणि लक्षात ठेवा, पॉलिसी परतीच्या तारखेला संपते. स्वतः आजारी पडलात किंवा विमान अडकलं तर ती बहुधा आपोआप पुढे जाते, बाबांच्या उशाशी बसायला थांबलात तर जात नाही. थांबायचं ठरलं की मुदत संपायच्या आत फोन करून वाढवून घ्या. संपल्यावर वाढवत नाहीत.

शेवटचं म्हणजे ॲडमिट होण्याच्या वेळचं. कंपनीचा चोवीस तास चालणारा मदतीचा नंबर आणि पॉलिसी नंबर भावाच्या व्हॉट्सॲपवर आत्ताच टाकून ठेवा. इथल्या रुग्णालयातल्या टीपीए डेस्कच्या (विमा कंपन्यांच्या वतीने क्लेमचं काम बघणाऱ्यांच्या) यादीत तुमची लेस्टरची कंपनी नसेल, कॅशलेस आपोआप होणार नाही. अनामत रक्कम भरायला सांगतील. भावाने त्या नंबरवर लगेच फोन करायचा, म्हणजे कंपनी रुग्णालयाशी बोलून हमी देते. न कळवता मोठा उपचार केला तर क्लेम कापतात. लहानसहान तापासर्दीला स्वतः पैसे भरायचे, पण लेटरहेडवर हाताने लिहिलेली रक्कम चालणार नाही. पावती नंबर, तारीख, सही-शिक्क्यासह पक्कं बिल घ्यायचं, औषधांचं मेडिकल स्टोअरचं बिल वेगळं आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठी जोडायची. डिस्चार्जच्या दिवशी काउंटर सोडायच्या आधी बिलावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का ते बघा. घरचं लाडकं नाव सांगितल्यामुळे अडकलेले क्लेम मी पाहिलेत.

बडोद्याची_लेक (लेस्टर)

काका, यजमानांना सगळे 'बापू' म्हणतात आणि रुग्णालयात भाऊ तेच सांगेल, हे नक्की. आजच त्याला पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवते. मनीहेल्परच्या यादीतल्या कंपन्यांना सोमवारी फोन करेन आणि काय सांगतात ते इथेच कळवीन.