एक्स्ट्रिमोफाइल्सवर पीएच.डी. करावी का?

सायली_म: एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष आहे. गरम झरे, खोल समुद्र, मिठाची तळी इथल्या सूक्ष्मजीवांवर पीएच.डी. करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, भटकायला मिळेल, पुढे नोकरीचं काय? या क्षेत्रातलं कोणी आहे का इथे?

खारा_माणूस: मी हॅलोआर्कियांवर काम करतो, म्हणजे खूप खाऱ्या पाण्यातल्या आर्कियांवर (जीवाणूंहून वेगळा असा सूक्ष्मजीवांचा गट). भटकणं म्हणाल तर वर्षातून एखादी फेरी, तीही परवाने वेळेवर आले तर. उरलेलं वर्ष इन्क्युबेटरपाशी. हे जीव इतके हळू वाढतात की वसाहत दिसेपर्यंत प्लेट सुकून मिठाचे खडे धरते, म्हणून प्लेटा पिशवीत बंद करून ठेवायच्या. उकळत्या पाण्यातल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे माध्यम घट्ट करणारा अगार वितळतो, त्याऐवजी जेलन गम वापरावा लागतो. त्यातल्या बऱ्याच जणांना ऑक्सिजन चालत नाही. माध्यमात रेझाझुरिन हा ऑक्सिजन दाखवणारा रंग घालतात. बाटली गुलाबी झाली की हवा शिरली समजायचं. अशा वेळी वैतागायच्या आधी ज्याचा हात बुचाकडे जातो, तो इथे टिकतो.

नोकरीचं विचारलंत. १९६६ मध्ये यलोस्टोनच्या झऱ्यातून थर्मस अ‍ॅक्वॅटिकस वेगळा केला तो थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी. फ्रीझ तेव्हा पदवीचं शिक्षण घेत होता! त्याच जीवाणूचं टॅक पॉलिमरेज हे उष्णता सोसणारं एन्झाइम पुढे पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राला, कामी आलं. मात्र मुलाखतीत हे सांगू नका, प्रत्येक जण तेच सांगतो. एन्झाइम शुद्ध करणं किंवा ऑक्सिजनविरहित कल्चर (हवेशिवाय जीव वाढवणं), यातलं एक तरी पक्कं शिका. औषधनिर्मिती, सांडपाणी, बायोगॅस, कुठेही चालतं.

आळशी_जीनोम: आता थेट डीएनए वाचता येतो. कल्चरचा एवढा खटाटोप कशाला?

खारा_माणूस: अ‍ॅस्गार्ड या आर्कियांच्या एका गटाचे जीनोम २०१५ पासून हाती यायला लागले. पण त्यांतला एक प्रयोगशाळेत वाढवायला जपानी गटाला बारा वर्षं लागली; पेपर २०२० चा. पेशीला फांद्यांसारखे लांब धागे फुटतात, हे तेव्हा दिसलं. नुसत्या जीनोममधून ते कसं कळणार? अर्थात बारा वर्षांची फेलोशिप कोणी देत नाही, तेव्हा पीएच.डी.ला जीनोम आणि कल्चर दोन्ही मिळून एक प्रश्न घ्या.

सायली_म: पायथन थोडं येतं. ऑक्सिजनविरहित काम कधीच केलेलं नाही.

खारा_माणूस: मग प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: प्रयोगशाळेत अ‍ॅनएरोबिक चेंबर (ऑक्सिजनविरहित कामाची बंद पेटी) आहे का, आणि तो चालू आहे का. दुसरा प्रश्न गाइडला नको, तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा.