मदत हवी आहे: पायथनने उपफोल्डरांतल्या मराठी फाइली वाचताना मध्येच अडतंय

धागाकर्ता:
विंडोज ११, पायथन ३.१२. 'दप्तर' फोल्डरात वर्षवार उपफोल्डर, त्यांत मराठी टेक्स्ट फाइली. 'पाणीपट्टी' हा शब्द कुठल्या फाइलींत आहे ते शोधायचंय. फोल्डर-उपफोल्डर फिरणाऱ्या ओएस.वॉककडून मिळालेलं प्रत्येक फाइलनाव फाइल उघडणाऱ्या ओपनला देतोय. 'दप्तर'मधूनच चालवलं तर तिथल्या फाइली उघडतात, उपफोल्डरांतल्या 'सापडत नाही' म्हणतात. उघडलेल्यांपैकी काहींत भलतीच अक्षरं, तर काहींवर '८डी बाइट डिकोड होत नाही'.

अर्धविराम:
दोन वेगळी दुखणी आहेत. ओएस.वॉक दर फेरीला तीन गोष्टी देतो: चालू फोल्डरचा मार्ग, उपफोल्डरांची नावं, फाइलींची नावं. फाइलनाव नुसतंच असतं, मार्गाशिवाय. ओएस.पाथ.जॉइनने ते पहिल्या घटकाला जोडा, मग ओपनला द्या.

दुसरं एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं कुठल्या बाइटांत साठवायची त्या पद्धतीचं. ते सांगितलं नाही तर ३.१२ विंडोजची कोडपेज (जुना अक्षरतक्ता) धरतं, बहुधा १२५२. तुमच्या फाइली यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये दिसतात. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. हलन्ताचे ई०, ए५, ८डी. १२५२ च्या तक्त्यात ८डीचं घर रिकामं आहे, म्हणून 'पट्टी'तल्या अर्ध्या ट वर गाडी अडते. 'ए', 'ऐ', 'झ', ऱ्हस्व उकार अशा काही चिन्हांचंही तेच, फक्त अडवणारा बाइट वेगळा. अशी चिन्हं अजिबात नसलेली फाइल बिनतक्रार चुकीची वाचली जाते. ते जास्त वाईट.

ओपनमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. जुन्या नोटपॅडने फाइलीच्या सुरुवातीला चिकटवलेले ३ बाइट असले तर ते गाळतं, नसले तरी बिघडत नाही. एन्कोडिंग न देता नुसतं 'इग्नोर' (न वाचता आलेले बाइट गाळायची सूचना) मात्र वापरू नका. एरर गप्प होईल आणि शब्द कधीच सापडणार नाही.

धागाकर्ता:
दोन्ही सुटलं, आभार. पण '२०१९' फोल्डरातलं काहीच येत नाही, आणि एररही नाही.

खटपट्या:
ओएस.वॉकला फोल्डर उघडता आलं नाही तर तो मुकाट्याने पुढे जातो. त्याच्या 'ऑनएरर' या पर्यायाला प्रिंट द्या, न उघडण्याचं कारण छापून येईल. बहुधा वाचायची परवानगी नसेल.

अर्धविराम:
प्रिंटमध्ये काहीच आलं नाही, तर त्यातली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसला तर मजकूर कृतिदेवसारख्या, रोमन अक्षरांनाच देवनागरी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. तिथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लावून आधी युनिकोड करा, मग शोधा.