सिझरनंतर मालिश? (बी विंग महिला ग्रुप)

स्नेहल, ३०४: माझ्या जावेचं सिझर झालंय, काल घरी आणलं. सासूबाई म्हणतायत उद्यापासून मालिशवाली लावू. टाके असताना चालतं का? खांदे आणि पाठ फार दुखतेय तिची.

कुलकर्णी काकू: न चालायला काय झालं? रोज तेल, कढत पाणी, वर ओवा-बाळंतशेपाची धुरी. आम्ही काय डॉक्टरला विचारत बसलो होतो?

मीनल फिजिओ, ६०१: काकू, तुमची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल ना? 😄 इथे पोटावर चीर आहे. वरचे टाके आठवड्याभरात वाळलेले दिसतात, पण आतली शिवण भरायला सहा आठवडे तरी लागतात. तोवर पोटाला कुणाचाही हात नको. ‘पोट आत जाईल’ म्हणून दाबतात ते तर अजिबात नाही, आणि पालथं झोपवायचं नाही.

स्नेहल, खांदे-पाठ चालेल. स्टुलावर बसवा, समोर पलंगावर दोन उश्या, त्यावर डोकं टेकू दे. कोमट तेल, हलका हात. बहुतेक वाकून पाजल्यामुळे आखडली असेल. बाळाखाली उशी देऊन त्यालाच वर घ्यायला सांग, नाहीतर रोज मालिश करून रोज दुखेल.

स्नेहल, ३०४: आणि हातपाय?

मीनल फिजिओ, ६०१: ते तर करच. तुर्कस्तानात सिझर झालेल्या ७५ बायकांवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला होता. एकेका हातापायाला फक्त ५ मिनिटं, तरी टाक्यांचं दुखणं कमी झालं. ते घरचं कुणीही करू शकतं, दीर आहेत की! डॉक्टरांच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

एक गोष्ट मालिशवालीला आधीच सांगा. सिझरनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर ती चोळायची नाही, लगेच डॉक्टर. ‘वात धरलाय’ म्हणत नेमका तिथेच जोर लावतात.

अ‍ॅडमिन: उद्या टाकी साफसफाई. पाणी १० ते १ बंद.

रूपाली, २०२: मीनल, माझी चीर अजून ओढल्यासारखी वाटते गं. मुलगी वर्षाची होईल आता.

मीनल फिजिओ, ६०१: तुला चालेल, जखम पूर्ण भरलीये. एकदा तुझ्या डॉक्टरांना दाखव, मग व्रणावर दोन बोटं ठेवून कातडी वर-खाली, आडवी, गोल हलवायची. बोटं घसरली नाही पाहिजेत, म्हणून तेल थेंबभरच. दोन-तीन मिनिटं पुरे. आसपास बधिर वाटतं ना? नसा कापल्या जातात तिथे, हळूहळू येतं.

रूपाली, २०२: हो, खाज सुटते पण खाजवलेलं कळतच नाही 🙄

कुलकर्णी काकू: बरं, धुरीचं काय?

मीनल फिजिओ, ६०१: बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर बाळ-बाळंतीण दोघांनाही वाईट, काकू. शेपा तोंडात टाकू दे तिला.

कुलकर्णी काकू: भाजून देते मी. स्नेहल, संध्याकाळी डबा घेऊन ये. आणि ती ए विंगला येणारी मावशी हलक्या हाताची आहे, तिला विचारते. पण उद्या आंघोळ १० च्या आत उरका.

स्नेहल, ३०४: येते काकू. मावशींचं नाव गेटवर नोंदवून ठेवते.