विषय: लंडनची यूएफसी प्रत्यक्ष जाऊन बघण्यासारखी असते का?

प्रेषक: सायली (लीड्स)
४ मार्च २०२५

मंडळी, नमस्कार.

गुढीपाडव्याच्या चर्चेत हे घुसडायला नको म्हणून वेगळी मेल. २२ मार्चला, शनिवारी, लंडनच्या ओटू अरीनात यूएफसी आहे, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या पिंजऱ्यातल्या लढती. हे खूळ आमच्या घरी नवऱ्याचं. कोल्हापूरकडचा, मातीतल्या कुस्त्या बघत वाढलेला. इथे कुस्तीची मैदानं नाहीत म्हणून पिंजऱ्यातल्या लढतींवर भूक भागवतो. टीव्हीवर एक सोडत नाही. वाढदिवस त्याच आठवड्यात आहे, म्हणून तिकिटं काढावीत असं मनात आहे, पण किमती बघून हात आखडतोय.

टीव्हीपेक्षा वेगळं काय दिसतं? मला यातलं ओ की ठो कळत नाही, तर पाच-सहा तास बसवेल का? आणि तिथलं वातावरण कसं असतं, बायका जातात का? कुणी मँचेस्टरला गेलं होतं असं ऐकलंय.

सायली

---

प्रेषक: निखिल (स्टॉकपोर्ट)
४ मार्च २०२५

सायली, मीच गेलो होतो. खुशाल जा.

पहिलं म्हणजे, लंडनचा कार्यक्रम माणसाच्या वेळेत आहे. यूएफसीचे दोन प्रकार. क्रमांकाचे मोठे कार्यक्रम अमेरिकेतल्या टीव्ही प्रेक्षकांच्या सोयीने ठेवतात, त्यामुळे ते बाहेर झाले तरी घड्याळ बहुतेक वेळा अमेरिकेचं. मँचेस्टरचा यूएफसी ३०४ त्यातला. २७ जुलै २०२४, को-ऑप लाइव्ह. मुख्य लढतींना सुरुवात पहाटे तीन वाजता! शेवटची संपेपर्यंत बाहेर उजाडलेलं. जेजुरीच्या जागरणाला बसल्यासारखे सगळे तारवटलेले. एक जण शेजारी चक्क घोरत होता, नॉकआउटच्या आरोळीला उठला आणि 'कोण जिंकलं' म्हणून मलाच विचारलं. लंडनचा मात्र 'फाइट नाइट', म्हणजे दुसऱ्या, छोट्या प्रकारचा आहे, शनिवारी संध्याकाळी. रात्रीची भुयारी रेल्वे शनिवारी ज्युबिली लाइनवर असते, त्यामुळे नॉर्थ ग्रिनिचहून परतायची चिंता नाही.

> टीव्हीपेक्षा वेगळं काय दिसतं?

दिसतं कमीच. पिंजरा तीस फूट रुंद, भोवती काळी जाळी, आठही कोपऱ्यांना गादी गुंडाळलेले खांब. सपाट मजल्यावरच्या खुर्च्या सगळ्यात महाग, आणि पुढे एखादा धिप्पाड गडी उभा राहिला की सगळ्यात निरुपयोगी. (अगदी पहिल्या रांगा सोडून बोलतोय. तेवढे पैसे या लिस्टवर कुणाकडे असतील तर त्यांनी आधी मंडळाची वर्गणी भरावी.) बाजूच्या चढत्या रांगांमधली, थोडी वरून दिसणारी जागा घे. लढत जमिनीवर गेली की वरून निदान कुणाचा पाय कुठे अडकलाय ते कळतं. खासबागेत कुठेही बसलं तरी हौदा दिसतो, शाहू महाराजांनी १९१२ सालीच ती सोय करून ठेवली. इथले हॉल गाण्याच्या कार्यक्रमांसाठी बांधलेले. निम्मा वेळ मान वर करून टांगलेल्या पडद्याकडेच बघावं लागतं.

जायचं ते आवाजासाठी. मांडीवर बसलेली लाथ टीव्हीवर 'लागली असेल' एवढीच वाटते. तिथे ती पार वरच्या रांगेत ऐकू येते आणि आपण आपोआप पाय जवळ घेतो. म्हणून दारं उघडली की लगेच आत जा. सुरुवातीच्या लढतींना हॉल अर्धा रिकामा असतो, लोक बिअरच्या रांगेत. तेव्हा कोपऱ्यातला प्रशिक्षक काय ओरडतोय ते नीट ऐकू येतं: हात वर, डावीकडे फिर, ऊठ, ऊठ! नंतर वीस हजारांच्या गोंगाटात यातलं काही पोचत नाही. समालोचन हॉलमध्ये नसतं, आणि बाहेर बसलेल्या तीन पंचांचे गुण निकालापर्यंत कुणालाच दाखवत नाहीत. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर शेजाऱ्याशी भांडता येतं, आणि हा भाग मला फार आवडतो.

आता तुझ्या नवऱ्याच्या जिव्हाळ्याचं. लढत जमिनीवर गेली की इथलं पब्लिक हुर्यो करतं. त्यांना ठोसे हवे असतात. कुणी पट काढून, म्हणजे पाय ओढून, समोरच्याला खाली आणलं आणि तिथेच दाबून ठेवलं की 'उभे करा' म्हणून पिंजऱ्यातल्या पंचाच्या नावाने शंख. आपल्याकडचा माणूस नेमका तेव्हा पुढे सरकून बसतो. खालचा कंबर सरकवत जाळीपर्यंत जायला बघतो, कारण जाळीला पाठ लावून उठता येतं. वरचा त्याचं मनगट धरून तो टेकूच काढून घेतो. बाहेरून दोघे नुसते पडलेले दिसतात.

मँचेस्टरची शेवटची लढत अशीच झाली. लिऑन एडवर्ड्स किंग्स्टनला जन्मलेला, बर्मिंगहॅमला वाढलेला. २०१५ च्या डिसेंबरपासून तोवर हरलेला नव्हता. २०२२ मध्ये उस्मानला शेवटच्या फेरीत डोक्यात लाथ घालून त्याने विजेतेपद घेतलं होतं. समोर शिकागोचा बेलाल मुहम्मद. पहिल्या फेरीपासून बेलालने पट काढायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. हॉल हळूहळू गप्प. पाचव्या फेरीत लिऑन वर आला, कोपरांनी बेलालचा चेहरा रक्तबंबाळ केला, लोक खुर्च्यांवर चढले, पण उशीर झाला होता. तिन्ही पंच बेलालच्या बाजूने. माझ्या आसपास 'कंटाळवाणी फाइट' असा सूर होता. माझ्या मते त्या रात्रीची तीच सगळ्यात चांगली कुस्ती.

पैसे वसूल म्हणशील तर टॉम ॲस्पिनॉलने केले. सॅलफर्डचा, म्हणजे घरचाच. २०२२ मध्ये ओटूमध्येच कर्टिस ब्लेड्सविरुद्ध पंधराव्या सेकंदाला गुडघा गेला होता. मँचेस्टरला पुन्हा तोच ब्लेड्स, आणि बरोबर साठ सेकंदांत नॉकआउट. त्या वेळी छत राहिलं कसं, देव जाणे. उलट वीगनचा मोकाएव पंचांच्या निर्णयावर जिंकला, तोवर एकदाही हरलेला नव्हता, तरी यूएफसीने करार पुढे चालू ठेवला नाही. कुस्तीत जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, इथे नारळ दिला.

एक सावधगिरी: नाव बघून तिकीट काढू नकोस. लंडनला आधी एडवर्ड्ससमोर जॅक डेला मॅडालेना होता. त्याला विजेतेपदाची लढत मिळाल्यावर आता फिलाडेल्फियाचा शॉन ब्रेडी आलाय. ब्रेडी अस्सल जमिनीवरचा माणूस. नवरा खूश होईल, बाकीचा हॉल होणार नाही.

बायका भरपूर असतात. दारू मात्र पाण्यासारखी वाहते, आणि भांडणं झालीच तर पिंजऱ्याबाहेर होतात. मोठी पिशवी नेऊ नकोस. जमलं तर शुक्रवारी वजन करण्याचा समारंभ बघा. खरं वजन सकाळीच बंद दाराआड झालेलं असतं. संध्याकाळी नुसतं काट्यावर उभं राहून एकमेकांवर डोळे वटारायचे. पण हे बघायला सहसा पैसे पडत नाहीत.

निखिल

---

प्रेषक: नीलिमा (बर्मिंगहॅम)
५ मार्च २०२५

निखिलची मेल वाचून हसले, पण थोडी कटकट करते. न्यूरॉलॉजीत पंचवीसेक वर्षं काढली आहेत, त्यामुळे 'छत राहिलं कसं' या वाक्याशी मी अडखळते. त्या साठाव्या सेकंदाला एका माणसाचा मेंदू कवटीवर आदळलेला असतो.

यूएफसीच्या पिंजऱ्यात आजवर कुणी दगावलेलं नाही, आणि मुष्टियुद्धासारखं दहा आकडे मोजून भोवळ आलेल्याला पुन्हा उभं करण्याची पद्धतही इथे नाही. हे मान्य. पण पडलेल्यावर पंच मध्ये येईपर्यंत आणखी तीन-चार ठोसे बसतात, हेही टीव्हीवर दिसतं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या लास व्हेगासच्या केंद्रात २०११ पासून व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूचा अभ्यास चालू आहे, तो उगाच नाही. त्यात वजन उतरवण्याची भानगड. दोन दिवस पाणी तोडून सत्त्याहत्तर किलोत बसायचं आणि दुसऱ्या रात्री मार खायचा. डॉक्टर म्हणून मला लाथेपेक्षा हे जास्त खुपतं.

सायली, नवऱ्याला जरूर ने. लहान मुलं असतील तर घरी ठेव, एवढंच.

नीलिमा

---

प्रेषक: निखिल (स्टॉकपोर्ट)
५ मार्च २०२५

नीलिमाताई, वजनाबद्दल शंभर टक्के पटतं. नॉकआउटबद्दल काय बोलू? तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी पुढच्या वेळीही ओरडणार आहे. म्हणूनच मला पट काढणारे, गळपट्टी लावणारे आवडतात. समोरच्याला दोनदा थोपटून हार मानता येते आणि सोमवारी कामावर जाता येतं.

---

प्रेषक: बापूकाका (स्लाउ)
६ मार्च २०२५

चिरंजीव निखिल आणि इतर,

जमिनीवरच्या कुस्तीला लंडनचं पब्लिक कंटाळतं हे काही आजचं नाही. १० सप्टेंबर १९१०, शेफर्ड्स बुशचं स्टेडियम. गामा पैलवान विरुद्ध पोलंडचा झ्बिश्को. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतलं, आणि नंतर तो पठ्ठ्या जवळजवळ अडीच तास पोटावर पडून राहिला. उठला की गामा चीत करणार हे त्याला कळलं होतं. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, काही उपयोग झाला नाही. निकाल लागेना म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा लढत ठरली. त्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला दोघे परत भिडले, तेव्हा मिनिटभरही लागलं नाही.

आमचे कराडकडचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी पदकाआधी १९४८ मध्ये याच लंडनला सहावे आले होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. सायलीबाई, तुमच्या यजमानांना हे सांगा, प्रवासात गप्पांना होईल. आणि आपल्या मुंबईच्या भरत खंडारेंनी २०१७ मध्ये शांघायला यूएफसीची लढत केली, हेही. हरले पहिल्याच फेरीत, पण भारतातून तिथवर पोचणारे ते पहिले. बायकांमध्ये जिंकण्याचा पहिला मान पूजा तोमरचा, गेल्या वर्षीच्या जूनमध्ये.

मी स्वतः पिंजरा बघत नाही. पैलवानाला कोंडतात हे डोळ्यांना बरं दिसत नाही.

बापू

---

प्रेषक: सायली (लीड्स)
२४ मार्च २०२५

जाऊन आलो! वृत्तांत मागणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण घसा बसलाय.

निखिल, वरची जागा घेतली, उत्तम सल्ला. लवकर गेलो, तोही. पहिल्या तासात मला कोण कोण आहे हे कळत नव्हतं, पण प्रशिक्षकांचं ओरडणं ऐकू येत होतं आणि त्यावरून पुढे काय होणार हे चक्क ओळखता यायला लागलं.

मला सगळ्यात लागली ती मॉली मॅकॅन. लिव्हरपूलची, लोकांची लाडकी. आत येताना अख्खा हॉल तिच्यासाठी गात होता. पहिल्याच फेरीत ब्राझीलच्या मुलीने मागून गळा आवळला आणि संपलं. मॉलीने हातमोजे काढून पिंजऱ्यात ठेवले. नवऱ्याने कानात सांगितलं, म्हणजे निवृत्त. माझ्या पुढच्या रांगेतली एक दणकट गोंदवलेली बाई हमसून हमसून रडायला लागली. तिला टिश्यू दिले, मग आमची गट्टीच जमली. नंतर ब्लाहोविचच्या लढतीला पोलिश मंडळी लाल-पांढरे झेंडे घेऊन उठली तेव्हा बापूकाकांची आठवण आली. तो निर्णयावर हरला. अडीच तास नाही झोपला, बिचारा.

आणि शेवटची! ब्रेडीने एडवर्ड्सला पुन्हा पुन्हा खाली घेतलं. आजूबाजूचे चिडले, कुणी कुणी कोट घालायला लागले. माझा नवरा मात्र उभा राहून 'ताबा! ताबा सोडू नको!' असं शुद्ध मराठीत ओरडत होता, आणि ते लंडनमध्ये, इंग्लंडच्या माणसाविरुद्ध. मला वाटलं आता मार खातो. चौथ्या फेरीत ब्रेडीने समोरून गळा पकडला आणि एडवर्ड्सने थोपटलं. ती गोंदवलेली बाई मागे वळून विचारते, तुझ्या नवऱ्याला आधी कसं कळलं? मी म्हटलं, लहानपणापासून हेच बघतोय.

नीलिमाताई, मुलांना नेलं नव्हतं. नॉकआउटच्या वेळी मी डोळे मिटले. एकदा उघडे राहिले, ते नको होतं.

पिण्याच्या पाण्याची किंमत मात्र विचारू नका.

सायली

---

प्रेषक: मंडळ समन्वयक
२५ मार्च २०२५

सर्वांना विनंती: विषय रंगला आहे, पण रविवारी ३० तारखेला पाडवा आहे आणि जेवणासाठी किती माणसं हे अजून निम्म्या घरांनी कळवलेलं नाही. आचाऱ्यांना गुरुवारी संध्याकाळी आकडा द्यायचा आहे. श्रीखंड आणि पुरी, दोन्ही मोजूनच येणार. उत्तर याच मेलला न देता पाडव्याच्या मेलला द्या.

सायली, तुमच्याकडचे दोन की चार?