सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप: १६५० कार्डवाला घ्यावा की ३०५०? (सांगली-मिरज) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी ग्राफिक्स कार्डवाला जुना लॅपटॉप बघतोय. बजेट ४० हजार, फार तर दोनेक हजार वर. त्यातले निम्मे पैसे तिने शिकवण्या घेऊन जमवलेत, त्यामुळे गडबडीत काहीतरी गळ्यात पडायला नको. ती व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळते, ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शिकतेय. अभ्यासाचं निमित्त ती करत नाही. तिला खेळायचंच आहे, आणि नीट खेळता यावं एवढं मलाही वाटतं.

पहिला लॅपटॉप सांगलीच्या गावभागात (कृष्णेकाठची जुनी वस्ती), घरगुती विक्री. आय५ नववी जनरेशन, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (त्याची स्वतःची मेमरी ४ जीबी), ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (स्टोरेज). २९ हजार सांगतायत, थोडे कमी होतील. २०२० चं मूळ बिल आहे. स्क्रीन, कीबोर्ड चकाचक. पण उलटा करून बघितला तर पंख्याजवळचे दोन स्क्रू गंजलेले, आणि त्याच बाजूच्या एचडीएमआय पोर्टात आत पांढुरकी पूड. बाकी सगळे स्क्रू काळेभोर. गावभाग म्हटल्यावर डोक्यात पहिला आला तो जुलै २०२१ चा पूर. (२०१९ ला तर आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, पण तेव्हा हा लॅपटॉप घेतलेलाच नव्हता.) ते म्हणतात पाणी लागलेलं नाही. माणसं सरळ वाटली, पण तळाचं झाकण उघडून दाखवायला तयार नाहीत.

दुसरा मिरजेत, दुकानात. रायझन ५ ५६००एच, आरटीएक्स ३०५० (हाही ४ जीबीच), १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. ४२ हजार, दुकानाची एक महिन्याची वॉरंटी. माझ्या एक्स्टर्नल एसएसडीवरून त्यावर जीटीए ५ लावून बघितला. सुरुवातीला मस्त चालला, मग फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकदम पडल्या, गेम अडखळायला लागला. खाली बघतो तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी ९६ वरून ८८ वर! चार्जर मूळचा नाही, ९० वॅटचा आहे. दुकानदार म्हणाले, "विंडोज नवीन टाकलंय, अपडेट चालू असेल." मला ते पटलं नाही.

वाचून एवढं कळलंय की लॅपटॉपमध्ये कार्डाच्या नुसत्या नावावर जाऊन चालत नाही. ३०५० ला ३५ पासून ८० वॅटपर्यंत कितीही वीज दिलेली असू शकते, ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. मग ३५ वॅटवाला, म्हणजे हळू चालणारा ३०५० गळ्यात पडला तर जास्तीचे १३ हजार कशासाठी मोजायचे? तो आकडा दुकानात उभ्या उभ्या कसा बघायचा? आणि गंजलेल्या स्क्रूंचं मी जास्तच मनावर घेतोय का?

प्रतिसाद १

सांगलीत विश्रामबागला लॅपटॉप रिपेअरिंग करतो, म्हणून स्क्रूंचं सांगतो. नदीकाठच्या घरात नुसत्या दमटपणानेही गंज येतो, पण मग तो सगळ्याच स्क्रूंना येतो. एकाच बाजूचे दोन स्क्रू आणि शेजारच्या पोर्टात पूड, म्हणजे तिथून काहीतरी आत गेलंय. पूरच असेल असं नाही, चहासुद्धा असेल. पुरात गेलेलं मशीन ओळखू येतं: गाळ कितीही पुसला तरी पंख्याच्या कोपऱ्यात आणि कीबोर्डखाली बारीक मातकट थर राहतोच. बोर्डावर हिरवट-पांढरं दिसलं तर हात जोडून परत या. आज चालू असलेला बोर्ड सहा महिन्यांनीही जाऊ शकतो. झाकण न उघडता २० हजारालाही घेऊ नका.

प्रतिसाद २

तुमच्यासाठी मिरजेचंच मशीन बरं, पण चार्जर बदलून परत तपासा. प्रोसेसर ४५ वॅटचा, कार्ड ८० पर्यंत, वर स्क्रीन आणि पंखे. ९० वॅटमध्ये ते भागत नाही, मग उरलेली वीज बॅटरीतून ओढली जाते आणि थोड्या वेळाने लॅपटॉप स्वतःच वेग उतरवतो. तळाच्या स्टिकरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. २० व्होल्ट आणि ८.५ अँपिअर असेल तर १७० वॅटचा चार्जर हवा.

कार्डाचे वॅट एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडली की 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर'समोर दिसतात. ६० च्या वर असेल तर निःशंक ३०५०. त्याला डीएलएसएस (एआय वापरून फ्रेम्स वाढवायची सोय) आहे, १६५० ला नाही, आणि ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरमध्ये (अंतिम चित्र तयार करताना) ३०५० मधल्या आरटी कोअरचा, म्हणजे प्रकाशकिरणांचं गणित करणाऱ्या भागाचा फरक चांगला जाणवतो. व्हॅलोरंट दोन्हीवर पळेल. फक्त विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या सोयी) चालू लागतं, ते तिथेच बघून घ्या. कार्डाची ४ जीबी मेमरी मात्र नव्या मोठ्या गेम्सना कमीच पडणार, टेक्श्चर (चित्रातले बारकावे) मीडियमवर ठेवावे लागतील. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मिरजेला जाऊन आलो. स्टिकरवर २० व्होल्ट, ८.५ अँपिअरच निघालं! दुकानदारांनी दुसऱ्या मशीनचा १७० वॅटचा चार्जर लावून दिला. अर्धा तास जीटीए चालवला, बॅटरी १०० वरून हलली नाही, फ्रेम्सही पडल्या नाहीत. कार्ड ८० वॅट दाखवतंय, एसएसडीची तब्येत ९४ टक्के. गावभागातला विचार सोडून दिला.

आता एकच अडलंय. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ४५ वॅट-अवर आणि सध्याची ३१ आहे. शिवाय १७० वॅटच्या चार्जरचे अडीच हजार वेगळे मागतायत. ही बॅटरी पुढे करून चार्जरसकट ४१ ला मागितला तर रास्त होईल का? शनिवारी बहिणीला घेऊन जायचं आहे, त्याआधी कोणीतरी सांगा.